एकट्याने हाकायची बॉब : युवा ऑलिंपिकमधली मोनोबॉब शर्यत समजून घेताना

जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण कोरियाच्या गांगवॉन प्रांतात युवा खेळाडूंचं हिवाळी ऑलिंपिक भरलं होतं. त्यातल्या मोनोबॉब शर्यतीत, म्हणजे बर्फावरून घसरणारी बॉब ही गाडी एकट्याने हाकायच्या शर्यतीत, मुलांमध्ये सुवर्णपदक यजमान कोरियाच्या सो जे-ह्वानने जिंकलं आणि रौप्यपदक ट्युनिशियाच्या जोनाथन लूरिमीने. मुलींमध्ये डेन्मार्कची माया व्होइग्ट पहिली आली, तर थायलंडची आग्नेसे काम्पेओल दुसरी.

ट्युनिशिया आणि थायलंड! एकाचा दक्षिण भाग सहारा वाळवंटात, दुसऱ्यात बारा महिने उकाडा. हिवाळी ऑलिंपिकच्या कुठल्याही खेळात, लहानांच्या किंवा मोठ्यांच्या, थायलंडने मिळवलेलं हे पहिलंच पदक. ट्युनिशियाचंही तसंच. आणि हे कुठल्या खेळात, तर बॉबस्लेमध्ये, जिथे मोठ्यांच्या गटात जर्मनीसमोर कुणाचं फारसं चालत नाही. बीजिंगच्या २०२२ च्या ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या दोनजणी, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या, बॉबची तिन्ही पदकं एकट्या जर्मनीने घरी नेली होती.

मग या मुलांनी मुसंडी मारली कशी? याचं अर्धं उत्तर शर्यतीच्या नियमांत आहे आणि उरलेलं अर्धं जरा गैरसोयीचं आहे. दोन्ही नीट कळायला आधी ही गाडी कशी पळते ते पाहायला हवं.

इंजिन नसलेली गाडी

बॉब ही बर्फावरून घसरणारी गाडी. चाकांच्या जागी पोलादाची चार लांब पाती. पुढची दोन वळवता येतात, मागची दोन वळत नाहीत. वर फायबरचं टोकदार कवच, आत बसायला जेमतेम जागा. स्टिअरिंग नसतं. खेळाडूच्या दोन हातांत दोन कड्या असतात आणि त्यांच्या दोऱ्या पुढच्या पात्यांच्या आसापर्यंत गेलेल्या असतात. डावी कडी ओढली की गाडी डावीकडे, उजवी ओढली की उजवीकडे. ब्रेक म्हणजे बर्फात रुतणारे पोलादी दात. ते वापरायचे फक्त शेवटची रेषा ओलांडल्यावर. शर्यत चालू असताना ब्रेक दाबला तर बर्फ खरवडून निघतो आणि मागून येणाऱ्या सगळ्यांचं नुकसान होतं, म्हणून ते चालत नाही.

ट्रॅक काँक्रीटचा असतो. त्याच्या पोटात नळ्यांचं जाळं असतं आणि त्यातून शीतद्रव्य फिरवून वर बर्फ गोठवतात. पाणी माणसंच फवारतात, थर हातानेच तासतात, वळणांच्या कडा हातानेच घडवतात. नावाला कृत्रिम असलं तरी काम कारागिराचं आहे. जगातला एक मोठा ट्रॅक मात्र पूर्ण नैसर्गिक बर्फाचा आहे. तो स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झचा. १९०४ पासून दर हिवाळ्यात बर्फ आणि पाणी वापरून तो नव्याने बांधतात आणि वसंतात तो वितळून जातो. लांबी १७२२ मीटर. २०२० चं युवा ऑलिंपिक लोझान शहराच्या नावावर होतं, पण बॉबच्या शर्यती झाल्या या सेंट मॉरिट्झच्या ट्रॅकवर.

गांगवॉनच्या शर्यती झाल्या प्योंगचांगच्या आल्पेन्सिया केंद्रात. २०१८ च्या मोठ्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या या ट्रॅकला सोळा वळणं आहेत आणि बॉबची शर्यत सुमारे १३७५ मीटरची असते. एक फेरी ५४ सेकंदांच्या आसपास संपते. एकाच दिवशी दोन फेऱ्या, दोन्हींच्या वेळांची बेरीज, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो पहिला. शर्यतीचा हिशेब एवढाच.

गाडीला ओढणारं कुणी नाही, तर वेग येतो कुठून? उतारावरून. शाळेतलं सूत्र आठवतंय का? वस्तू जितकी खाली उतरते, तितक्या उंचीची ऊर्जा वेगात बदलते. समजा ट्रॅकचा वरचा आणि खालचा भाग यांत १०० मीटरचा फरक आहे. घर्षण शून्य आणि हवा नाहीच असं मानलं, तर तळाशी वेग ताशी १६० किलोमीटरच्या जवळ जायला हवा. प्रत्यक्षात मुलांची मोनोबॉब ताशी ११०-१२० च्या आसपास पोहोचते. मधली तूट हवा आणि बर्फ मिळून खातात. म्हणजे इथे वेग कमावायचा नसतो. तो निसर्गाने आधीच देऊ केलेला असतो, आपण तो कमीत कमी घालवायचा. मला तरी या खेळातली सगळ्यात मजेदार गोष्ट हीच वाटते. बाकी शर्यतींत जो जास्त जोर लावतो तो पुढे जातो. इथे पहिले पाच-सहा सेकंद सोडले, तर जो जास्त खटपट करतो तोच मागे पडतो.

पहिले पन्नास मीटर

ती पाच-सहा सेकंदं मात्र निव्वळ ताकदीची. खेळाडू थांबलेल्या गाडीला धक्का देऊन पळत सुटतो. बुटांच्या तळव्यांना सुयांसारखे बारीक खिळे असतात, त्यामुळे बर्फावर पाय धरतो. गंमत अशी की घड्याळ लगेच सुरू होत नाही. साधारण १५ मीटर गाडी ढकलल्यावर पहिला प्रकाशकिरण तुटतो आणि तिथून वेळ मोजायला सुरुवात होते. त्यानंतरच्या ५० मीटरचा वेळ वेगळा नोंदवतात. टीव्हीवर ‘स्टार्ट टाइम’ म्हणून दिसतो तो हाच.

दोनजणी किंवा चौघांच्या बॉबमध्ये ढकलायला सोबती असतात. मोनोबॉबमध्ये सगळं एकट्यावर. मोठ्या महिलांच्या मोनोबॉबमध्ये रिकामी गाडीच किमान १६२ किलोची असते. स्वतःच्या वजनाच्या दुपटीच्या आसपासचं ओझं ढकलत सुसाट पळायचं आणि पुढच्या क्षणी गाडी न हलवता, न डगमगवता अलगद आत बसायचं. उडी मारताना एका बाजूला कलंडून पडलात तर पाती आडवी घासतात, आणि नुकताच मिळवलेला वेग जातो. आत बसल्या बसल्या हात कड्यांवर जायला हवेत, कारण पहिलं वळण समोर आलेलं असतं.

या धावेला इतकं महत्त्व का, हे बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं. खेळाडूंमध्ये एक जुना ठोकताळा आहे: वर एक दशांश सेकंद गमावला की खाली तो तीन दशांश होतो. लोक समजतात की मागे पडलेल्या गाडीचा वेगच खाली जाता जाता आणखी कमी होत जातो. तसं नसतं. उलट वेगातला फरक कमी होत जातो. कारण तळाशी गाडीकडे जी ऊर्जा असते तिच्यातली बहुतेक उताराने दिलेली असते. धक्क्यातून आलेला वाटा अगदी छोटा. वर दोन गाड्यांत सेकंदाला अर्ध्या मीटरचा फरक असेल, तर खाली तो त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत उतरतो. पण तो पूर्ण मिटत नाही, आणि जोवर थोडासा फरक आहे तोवर प्रत्येक मीटरला वेळेतली दरी रुंदावतच राहते. म्हणून धक्क्यात कमी पडलेली मुलं पुढे कितीही सुंदर गाडी हाकोत, ती भरपाई सहसा होत नाही.

म्हणूनच जगभरातले बॉब संघ धावपटूंच्या मागे असतात. महिलांची बॉब ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली २००२ मध्ये, सॉल्ट लेक सिटीला. तिथे अमेरिकेच्या जिल बॅकनबरोबर सुवर्ण जिंकणारी व्हॉनेटा फ्लॉवर्स मुळात मैदानी खेळांची, धावण्याची आणि लांब उडीची खेळाडू होती. बर्फ नसलेल्या देशांनाही इथेच दार उघडं सापडतं. पळायला बर्फ लागत नाही.

वजनाबद्दल एक प्रश्न हमखास विचारला जातो. जड आणि हलक्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात हे आपण शिकलो, मग जड बॉब जोरात का जाते? हवा नसती तर खरंच सारख्या गेल्या असत्या. पण हवेचा अडथळा गाडीच्या समोरच्या आकारावर अवलंबून असतो, वजनावर नाही. एकाच आकाराच्या दोन गाड्यांना हवा सारख्याच जोराने मागे लोटते आणि तो जोर जड गाडीला कमी जाणवतो. १९५२ च्या ऑस्लो ऑलिंपिकमध्ये जर्मनीने धष्टपुष्ट माणसं निवडून निवडून बसवली आणि शर्यती मारल्या. त्यानंतर एकूण वजनाला मर्यादा आली. आज ती दोनजणी पुरुषांच्या बॉबला ३९० आणि चौघांच्या बॉबला ६३० किलो आहे, खेळाडू धरून. मोनोबॉबलाही अशी मर्यादा असते. कमी पडणारं वजन गाडीत शिसं किंवा पोलाद टाकून भरून काढता येतं. वाढत्या वयातल्या मुलांसाठी हा पेच अवघड असतो. पंधरा वर्षांच्या सडपातळ मुलीने गाडीत वजन टाकलं तर उतारावर फायदा, पण तेच वजन तिला एकटीला वर ढकलावं लागतं. किती टाकायचं, हे ज्याने त्याने आपल्या मांड्यांना विचारून ठरवायचं.

वळणांची कला

ज्यांनी जत्रेत मौत का कुआँ पाहिलाय त्यांना बॉबचं वळण समजावून सांगावं लागत नाही. मोटरसायकल उभ्या भिंतीवर फिरते, कारण वेग तिला भिंतीवर दाबून धरतो. वेग कमी झाला की ती खाली उतरते, वाढला की वर चढते. बॉबच्या वळणाची भिंतही अशीच उभी होत जाते. फरक इतकाच की मोटरसायकलवाल्याच्या मुठीत अॅक्सिलरेटर असतो. बॉबवाल्याकडे फक्त दोन दोऱ्या.

सेकंदाला ३० मीटर वेगाने २५ मीटर त्रिज्येच्या वळणात शिरलात, तर शरीरावर गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीन पटींहून अधिक जोर येतो. काही वळणांत तो पाचपटीपर्यंतही जातो. डोकं, हेल्मेट, मान, सगळं एकदम कित्येक पटींनी जड होतं. त्या दाबाखाली हनुवटी छातीवर येते आणि नजर जमिनीकडे ओढली जाते. मागे बसणारा ब्रेकमन डोकं घालून बसला तरी चालतं, हाकणाऱ्याला मात्र समोर बघायलाच लागतं. ज्या क्षणी सगळ्यात कमी दिसतं, त्याच क्षणी निर्णय घ्यायचा असतो. म्हणून खरे खेळाडू डोळ्यांपेक्षा दाबावर गाडी चालवतात. लांब वळणात गाडी एकदा वर चढते, उतरते, पुन्हा चढते. कमरेला लागणाऱ्या दाबावरून आपण कुठे आहोत हे कळतं आणि दुसऱ्या दाबानंतर अमुक क्षणी गाडी खाली सोडायची, हे शरीर लक्षात ठेवतं.

वळणात शिरण्याची वेळ तर सगळ्यात महत्त्वाची. लवकर भिंतीवर चढलात तर वळण संपायच्या आधीच गाडी खाली यायला लागते, मग तिला पुन्हा वर ढकलायला कडी ओढा. उशिरा शिरलात तर गाडी वर राहते आणि बाहेर पडताना समोरच्या भिंतीवर आपटते. आपटण्याचा आवाज मोठा येतो, पण खरं नुकसान त्याच्या पुढचं असतं. आपटलेली गाडी तिरकी होते, पाती सरळ धावण्याऐवजी आडवी घासत जातात आणि पुढच्या वळणात ती चुकीच्या जागेवरून शिरते. एका वळणातली चूक दुसऱ्यात मोठी होते, तिसऱ्यात आणखी मोठी.

कडी ओढणं हाही खर्चच. ओढली की पातं बर्फाला तिरपं होतं, थोडं खरवडतं, थोडा वेग जातो. म्हणून उत्तम चालक फार कमी हलतो. नवशिका प्रत्येक वळणात चारदा दुरुस्ती करतो. कसलेला खेळाडू एकदाच, अगदी हलकी, पण वेळेवर करतो. टीव्हीवर पाहताना ज्याची फेरी कंटाळवाणी वाटते, ज्यात काहीच घडत नाही, तीच बहुधा सगळ्यात जलद असते.

प्रत्येक ट्रॅकवर काही वळणं बदनाम असतात. आल्पेन्सियाचं नववं तसलं. २०१८ मध्ये ल्यूज शर्यतीत, म्हणजे पाठीवर झोपून पाय पुढे करून उतरायच्या शर्यतीत, जर्मनीचा फेलिक्स लोख तीन फेऱ्यांनंतर पहिला होता. २०१० आणि २०१४ ची सुवर्णपदकं त्याच्याकडेच होती. चौथ्या फेरीत नवव्या वळणावर त्याची घसरगाडी तिरकी झाली आणि तो थेट पाचव्या स्थानावर गेला. सुवर्ण ऑस्ट्रियाच्या डाविड ग्लायरशरला मिळालं. विश्वविजेत्याला नडलेलं हे वळण सहा वर्षांनी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांपुढे होतं.

शर्यतीआधी खेळाडू ट्रॅकवरून पायी चालत जातात, प्रत्येक वळण निरखतात. मग सुरुवातीच्या जागेजवळ कुणी डोळे मिटून, हात पुढे धरून, मनगटं डावी-उजवीकडे हलवत उभं असतं. बाहेरच्या माणसाला ते जरा विचित्र वाटतं. ते सोळा वळणांची उजळणी करत असतात.

सगळ्यांना एकच गाडी

आता मूळ प्रश्नाकडे. मोठ्यांच्या बॉबमध्ये निम्मी लढाई कारखान्यात होते. जर्मनीच्या गाड्या बर्लिनच्या एफईएस या क्रीडा संशोधन संस्थेत तयार होतात. अमेरिकेने २०१४ साठी बीएमडब्ल्यूकडून दोनजणी बॉब बनवून घेतली होती. हवेच्या बोगद्यात चाचण्या, कवचाचा आकार, पात्यांची घडण, या सगळ्यावर पैसा पाण्यासारखा जातो. वर गाड्या विमानाने किंवा ट्रकने खंडभर फिरवायच्या, तंत्रज्ञ सोबत न्यायचे. लहान देशाचं तिथे काय चालणार?

युवा ऑलिंपिकची पहिली हिवाळी आवृत्ती झाली २०१२ मध्ये, इन्सब्रुकला. तिथे दोनजणी बॉब होती. २०१६ च्या लिलेहामरपासून मोनोबॉब आली. एकच खेळाडू लागणार, त्यामुळे ज्या देशाकडे दुसरा तयार नाही तोही येऊ शकतो. शिवाय सगळ्यांना एकाच बनावटीच्या, सारख्या गाड्या. पैशाचा मुद्दा बऱ्याच अंशी बाजूला पडतो. उरतो तो धक्का आणि हाकणं.

पात्यांच्या बाबतीत मोठ्यांच्या शर्यतींतही कडक शिस्त आहे. गरम पातं बर्फावर जास्त सहज घसरतं, त्यामुळे पाती गुपचूप तापवून आणण्याचा मोह होणारच. त्यावर उपाय म्हणून शर्यतीआधी एक प्रमाण पातं उघड्या हवेत टांगून ठेवतात. कुणाच्याही पात्याचं तापमान त्याच्यापेक्षा चार अंश सेल्सियसहून जास्त भरलं तर तो बाद.

मुलांसाठी आणलेला हा प्रकार पुढे मोठ्यांनी उचलला, हेही सांगायला हवं. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये महिलांची मोनोबॉब आली. पहिलं सुवर्ण अमेरिकेच्या केली हम्फ्रीजने तब्बल १.५४ सेकंदांच्या फरकाने जिंकलं. या खेळात एवढा फरक म्हणजे मैलाचा. चौथी आली जर्मनीची लॉरा नोल्टे, जिने २०१६ च्या लिलेहामरला मुलींची मोनोबॉब जिंकली होती. त्याच बीजिंगमध्ये तिने दोनजणी बॉबचं सुवर्ण मिळवलं. महिलांसाठी चौघींची बॉब हवी होती, मोनोबॉब देऊन बोळवण केली, असं त्या वेळी काही खेळाडूंचं म्हणणं होतं, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. पण लहान देशांना आत घ्यायचं तर चार जणींचा संघ मागून कसं चालेल?

मग बरोबरी झाली का?

इथे ते गैरसोयीचं अर्धं उत्तर येतं. गाडी सारखी करता येते, ट्रॅकवरच्या फेऱ्या सारख्या करता येत नाहीत.

वळण कमरेने ओळखायचं असेल तर त्या वळणातून शेकडो वेळा जायला हवं. जगात बॉब चालेल असे ट्रॅक वीसच्या आत. त्यातले बहुतेक युरोपात, आणि एकट्या जर्मनीने असे चार बांधले. जपानमधला नागानोचा बंद पडल्यावर आशियात राहिले दोन : प्योंगचांगचा आणि बीजिंगजवळचा यानछिंगचा. बांधायला आणि गार ठेवायला हे ट्रॅक इतके महाग पडतात की १९६० मध्ये अमेरिकेतल्या स्क्वॉ व्हॅलीच्या संयोजकांनी ट्रॅक बांधायलाच नकार दिला. त्या ऑलिंपिकला बॉबस्ले झालंच नाही.

घरच्या ट्रॅकचा फायदा किती, हे प्योंगचांगनेच दाखवून दिलंय. २०१८ मध्ये स्केलेटनमध्ये, म्हणजे पोटावर झोपून डोकं पुढे ठेवून उतरायच्या शर्यतीत, कोरियाचा युन सुंग-बिन दीड सेकंदाहून अधिक फरकाने जिंकला. चौघांच्या बॉबमध्येही कोरियाला रौप्य मिळालं. २०२४ मध्ये सो जे-ह्वानने जिंकलं तेही याच ट्रॅकवर. त्याचं कौतुक कमी करायचं नाही, वळणं हाकली त्यानेच. पण पदकाच्या मागे हा ट्रॅकही आहे.

आणि ट्युनिशिया, थायलंड? २०१८ च्या ऑलिंपिकनंतर प्योंगचांगच्या वारसा प्रतिष्ठानने आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या मदतीने बर्फ नसलेल्या देशांतल्या मुलांना कोरियात आणून शिकवण्याचा कार्यक्रम चालवला. लूरिमी आणि काम्पेओल दोघंही त्याच कार्यक्रमातून आले. म्हणजे ज्या ट्रॅकवर शर्यत होणार होती त्याच ट्रॅकवर त्यांना आधी फेऱ्या मिळाल्या. ज्या युरोपीय मुलांना एरवी घरचा ट्रॅक मिळतो, ती इथे पाहुणी होती. समान गाड्यांमुळे चमत्कार घडला, अशी गोष्ट सांगायला सोपी जाते. माझ्या मते चमत्कार फेऱ्यांनी घडवला. गाड्यांनी फक्त वाट अडवली नाही. हे पदकांचं महत्त्व कमी करणारं नाही. उलट बाकीच्या देशांनी इथून काय घ्यायचं ते अगदी स्पष्ट आहे: गाडी विकत घेण्याआधी कुणाच्या तरी ट्रॅकवर वेळ मागून घ्या.

भारताचंही उदाहरण आहे, बॉबचं नसलं तरी याच ट्रॅकचं. मनालीजवळचा शिवा केशवन १९९८ मध्ये सोळाव्या वर्षी नागानोला ल्यूजमध्ये उतरला आणि २०१८ मध्ये प्योंगचांगला आपलं सहावं आणि शेवटचं ऑलिंपिक खेळला. भारतात असा ट्रॅक नाही, त्यामुळे सरावासाठी तो घसरगाडीला चाकं लावून हिमाचलच्या घाटरस्त्यांवर, वाहनं चुकवत उतरायचा. प्योंगचांगला तो ३४ वा आला. रस्त्यावर धाडस कमावता येतं, बर्फावरचं वळण नाही.

धोका

मुलांना असल्या खेळात घालावं का, हा प्रश्न आईबापांना पडतोच. गाडी उलटली तर ती थांबत नाही, त्याच स्थितीत घसरत जाते, आणि हेल्मेट बर्फावर घासत राहतं. अशा वेळी आत राहणंच जास्त सुरक्षित, हे मुलांना आधी शिकवतात. बर्फाने कातडी भाजते म्हणून आतून जाड संरक्षक बनियन असतं. नवशिक्यांना ट्रॅकच्या वरच्या टोकावरून सोडत नाहीत. खालच्या वळणांपासून सुरुवात करतात आणि जमेल तसं वर वर नेतात.

त्याहून कमी दिसणारा धोका आहे डोक्याला वारंवार बसणाऱ्या हादऱ्यांचा. फेऱ्यांनंतर येणारी डोकेदुखी, गुंगी, विस्मरण यांना खेळाडू आपसात ‘स्लेडहेड’ म्हणतात, आणि अलीकडच्या काळात अनेक जुन्या खेळाडूंनी त्याबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त कौशल्य, हे वर मी लिहिलंच. जास्त फेऱ्या म्हणजे जास्त हादरेही. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत या दोहोंचा मेळ कुठे घालायचा, यावर खेळाच्या धुरिणांनी आजवर बोललेत त्यापेक्षा बरंच जास्त बोलायला हवं.

शर्यत पाहताना

पुढच्या वेळी अशी शर्यत समोर आली तर आधी स्टार्ट टाइम बघा. नंतर मधल्या नोंदींमध्ये फरक वाढतोय की घटतोय ते पाहा. धक्क्यात मागे असूनही कुणी खाली येईपर्यंत फरक वाढू देत नसेल, तर तो हाकण्यात वरचढ आहे. गाडी भिंतीला लागली की पुढच्या नोंदीपेक्षा त्याच्या पुढच्या नोंदीवर लक्ष ठेवा, फटका तिथे दिसतो. उतरण्याचा क्रमही महत्त्वाचा, कारण प्रत्येक गाडीमागे बर्फावर चरे वाढत जातात आणि पहिल्या फेरीत आधी उतरणाऱ्याला बर्फ ताजा मिळतो.

वेळ सेकंदाच्या शतांशात मोजतात. ताशी १२० किलोमीटरला एक शतांश म्हणजे अंतरात जेमतेम एक फूट. तेवढाही फरक न पडल्याने बॉबमध्ये सुवर्णपदक दोघांना वाटून देण्याची वेळ १९९८ आणि २०१८ मध्ये आली. २०१८ ला याच आल्पेन्सियावर कॅनडा आणि जर्मनीच्या दोनजणी जोड्यांची चार फेऱ्यांनंतरची बेरीज ३ मिनिटं १६.८६ सेकंद अशी तंतोतंत सारखी आली होती. ल्यूजवाले हजारांशात मोजतात, बॉबवाल्यांनी ते कधी केलं नाही.

युवा हिवाळी ऑलिंपिक पुढचं होईल जानेवारी २०२८ मध्ये, इटलीतल्या डोलोमाइट आणि वाल्टेलिना भागात. २०२६ च्या ऑलिंपिकसाठी तयार केलेली ठिकाणंच त्यासाठी वापरायचं ठरलं आहे. कॉर्टिनाचा ट्रॅक २०२५ मध्ये नव्याने उभा राहिला, त्यामुळे तो तोंडपाठ असलेली मुलं अजून थोडीच असतील, आणि त्यातली बहुतेक इटलीची.